शेवाळ म्हणायचं नाही

पिपरी मेघेला खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला एकच प्रश्न विचारला. गाव कोणतं? मी म्हणालो, गुहागरजवळ. ते खुर्चीतून उठले, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून बायकोला म्हणाले, "ऐकलं का, समुद्राचा माणूस आला." आमच्या घरातून समुद्र दिसतसुद्धा नाही, मधे एक डोंगर आणि दोन वाड्या आहेत, हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर खोलीची किल्ली माझ्या हातात पडली होती.

बँकेच्या बदलीनं मी वर्ध्याला येऊन पडलो होतो. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. खाली मालक आणि त्यांची बायको, वर मी. आणि खालच्या पुढच्या खोलीत, देवघराच्या समोरच्या भिंतीला लागून, पाच फूट लांबीची काचेची पेटी. तिच्यात खारं पाणी, आणि त्या पाण्यात समुद्रातले मासे. दवाखान्यांमधून गोड्या पाण्यातले मासे मी पुष्कळ पाहिले होते. पण जिथे एप्रिल लागला की प्यायच्या पाण्यासाठी धावाधाव, तिथे एक माणूस मुद्दाम पाणी खारं करून सांभाळतोय, हे पाहून मला हसू आलं. मग हसू विरलं, कारण हा माणूस मला जाणकार समजत होता. माझं माशांचं सगळं ज्ञान ताटात सुरू होतं आणि ताटातच संपतं. त्या घरात तर अंडंही चालत नव्हतं. सुकटीची पुडी मी बँकेतल्या ड्रॉवरमध्ये ठेवायचो.

मी त्यांना काका म्हणायचो, ते मला "समुद्रवाले" म्हणायचे. ऑफिसला निघालो की जिन्याखाली उभे असायचे. ओहोटी लागली की खडकावर काय काय उघडं पडतं, पावसाळ्यात पाण्याचा वास बदलतो का, असले प्रश्न. मी काहीतरी ठोकून दिलं की त्यांना बरोबर कळायचं, आणि मग दोन दिवस अबोला. शेवटी मी "माहीत नाही" म्हणायला शिकलो. त्यावर ते खूश झाले. माहीत नाही म्हणणारा माणूस त्यांना फार आवडायचा.

उंच, हाडकुळा माणूस. पांढरा सदरा, आणि उजवी बाही कायम कोपराच्या वर दुमडलेली, कारण तो हात कधी पाण्यात जाईल याचा नेम नसायचा. मिठानं त्या हाताची कातडी पांढरट होऊन तडकली होती. डावा हात सावकाराचा, उजवा मिठागरातल्या मजुराचा, असं मी त्यांना एकदा म्हणालो होतो. ते हसले नाहीत. "मी मासे नाई पाळत," असं ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "मी पाणी पाळतो." घरात उदबत्ती बंद, डासांची वडी बंद, अत्तर लावून आलेला पाहुणा ओट्यावरच बसायचा. भारनियमनात लाईन गेली की इन्व्हर्टरवर फक्त पेटीचा पंप चालायचा. काकू अंधारात पदरानं वारा घेत बसायच्या आणि शेजारी मासे आरामात पोहत असायचे.

त्यांचं बाजारात शेतीच्या पंपांचं आणि पाइपांचं दुकान होतं. ते चालायला हवं तसं चालत नव्हतं, आणि त्याला कारण त्यांची जीभ. शेतकरी येऊन म्हणायचा, मोटर बिघडली. हे विचारायचे, मोटर बिघडली का पंप? तो म्हणायचा, तेच ते. झालं. मोटर फिरते, पंप पाणी ओढतो, हे तेच ते कसं, यावर तासभर. बिचारा शेतकरी सुकत चाललेल्या कापसाची काळजी सोडून व्याख्यान ऐकत उभा, आणि शेवटी समोरच्या दुकानात जाऊन मोटर घेऊन यायचा. काकांना त्याचं काही वाटत नसे. "शब्द चुकला की औषध चुकते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी एकदा अंगात ताप आहे म्हणालो तर त्यांनी मला जिन्यात थांबवून विचारलं, ताप आहे का कणकण? मी तापानं फणफणलो होतो. मला त्या क्षणी त्यांचा गळा दाबावासा वाटला.

याच जिभेनं त्यांनी काकूंचं माहेर तोडलं होतं.

काकूंना एकच भाऊ. वडील लवकर गेले, त्यानंच बहिणीला वाढवलं, लग्न लावून दिलं. कारंजा घाडगेला त्याची संत्र्याची बाग. त्याच्या मुलाच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, सगळे जमले होते. पंगतीत बोलता बोलता तो व्याह्यांना म्हणाला, यंदा बागेवर रोग आला. काकांनी हातातला घास खाली ठेवला. रोग नाही, ती कीड आहे, आणि ज्याला रोग आणि कीड यातला फरक समजत नाही त्यानं स्वतःला बागाईतदार म्हणवू नये, असं ते भर पंगतीत, नव्या व्याह्यांच्या देखत बोलले. भाऊ हात जोडून एवढंच म्हणाला की जवाईबुवा, जेवून घ्या. त्यानंतर तो या घराची पायरी चढला नाही. काकूंनाही कुणी बोलावलं नाही, आणि न बोलावता जायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

मी राहायला आलो त्या वर्षी भाऊबिजेच्या संध्याकाळी काकू निरांजन घेऊन गच्चीवर आल्या आणि चंद्राला ओवाळू लागल्या. भाऊ नसलेल्या बायका असं करतात हे मला माहीत होतं. मी सहज विचारलं, काकू, तुम्हाला भाऊ नाही का? त्या म्हणाल्या, आहे ना. आणि ताट घेऊन खाली गेल्या. सगळी हकीकत मला नंतर शेजारच्यांकडून कळली.

काका पेटीतल्या ज्या एका गोष्टीवर जीव टाकत होते ते होतं समुद्रफूल. फूल म्हणायचं, पण तो जिवंत प्राणी. दगडाला देठानं चिकटलेला, वर बोटांसारख्या शंभर पाकळ्या पाण्यात हलवत बसलेला. थर्माकोलच्या खोक्यातून रेल्वेनं आलेली आधीची फुलं एकामागून एक मेली होती. हे मात्र जगलं, हातभर पसरलं. त्याच्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या दोन माशांची जोडी राहायची. दुसऱ्या माशाला त्या पाकळ्या डंख करतात, या दोघांना करत नाहीत. रात्री ती दोघं पाकळ्यांमध्ये घुसून झोपायची. समुद्रापासून इतक्या लांब हे टिकलंय, असं सांगताना काकांचा आवाज एकदम खाली यायचा, जणू मोठ्यानं बोललं तर ते ऐकेल आणि मरेल.

माझ्या तिसऱ्या दिवाळीच्या आधी पेटीत लाली आली.

हा शब्द त्यांचाच. वाळूवर आधी एक तांबूस डाग दिसला. आठवड्याभरात त्याची मखमलीसारखी गडद लाल साय झाली, दगडांवर चढली, दुपारच्या उजेडात तिच्यावर बारीक बारीक बुडबुडे यायचे. मी पाहिलं आणि म्हणालो, अरे, शेवाळ आलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवघरात चपला घालून शिरलोय.

"शेवाळ म्हणायचं नाई. शेवाळ म्हणजे वनस्पती. हे जंतू होय. दिसते शेवाळासारखं, नाई शेवाळ. शेवाळ समजून औषध केलं का सगळं मरते."

बाहेरगावाहून मागवलेल्या इंग्रजी मासिकात त्यांनी हे वाचलं होतं आणि त्यावर त्यांचा देवासारखा विश्वास. चूक कुठे झाली हेही त्यांनी शोधून काढलं. उन्हाळ्यात पाणी गाळायचं यंत्र बंद पडलं तेव्हा त्यांनी काही दिवस बोअरचं पाणी वापरलं होतं, आणि ट्यूबलाइटही जुन्या झाल्या होत्या. चूक माझी, असं ते स्वतःच मोठ्यानं म्हणाले. दुसऱ्याची चूक काढणारा हा माणूस स्वतःचीही त्याच आवाजात काढायचा, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग युद्ध सुरू झालं. रोज संध्याकाळी ते नळीचं एक टोक लालीवर धरायचे, दुसरं तोंडात घेऊन ओढायचे, तोंडात आलेलं खारट पाणी थुंकून नळी बादलीत सोडायचे. बादली धरायला मी. लाल साय चिंध्यांसारखी नळीतून यायची. जेवढं पाणी गेलं तेवढं नवं, बॅटरीवाल्याकडच्या डिस्टिल्ड पाण्यात मीठ कालवून. पेटी स्वच्छ व्हायची, आणि दुसऱ्या दुपारी लाली पुन्हा हजर. एक दिवस ती फुलाच्या देठाला भिडली. फूल आकसून मुठीएवढं झालं. काकांनी त्या दिवशी दुकान उघडलं नाही.

आता एकच उपाय उरला होता. पेटीवर गोधड्या घालून तीन दिवस पूर्ण अंधार. उजेड नसला की लाली मरते. पण उजेड नसला तर फूलही खंगतं. आधी कोण मरतं हे बघायचं. आणि हे तीन दिवस येत होते दिवाळीत.

अंधार करायच्या आदल्या संध्याकाळी काकूंना कारंजाहून फोन आला. भाऊ भाऊबिजेला येतो म्हणाला. काकूंनी फोन ठेवला आणि तिथेच खाली बसल्या. मग त्या पुढच्या खोलीत आल्या. काका गोधडी घालून बघत होते आणि तिच्या आत डोकं घालून बॅटरीच्या उजेडात फूल पाहत होते. काकूंनी त्यांच्या पाठीशी बोलायला सुरुवात केली, मी बादली घेऊन उभा.

"दादा येऊन राह्यला. या घरात तीन दिवस दिवा नाई लावला तरी चालन मले. पण त्याच्यासमोर एक शब्द जर वाकडा गेला तुमच्या तोंडातून, तर माझं माहेर गेलं म्हून समजा. मंग मी पुन्हा नाई मागणार."

काकू थांबल्या, मग गेल्या. थोड्या वेळानं काकांनी डोकं बाहेर काढलं आणि मला म्हणाले, बादली समोर घ्याजा.

दिवाळीत आळीभर पणत्या आणि आमची पुढची खोली काळीकुट्ट. देवापुढचं निरांजनसुद्धा काकूंनी मागे स्वयंपाकघरात नेलं. काका खुर्ची टाकून पेटीजवळ बसून असायचे, जेवण ताटात तसंच. पाडव्याला त्यांनी गोधडीचा कोपरा उचलून पाहिलं आणि मला हाक मारली. लाली फिकी पडली होती, कडेनं सुटायला लागली होती. फूल लहान होतं, पण देठ घट्ट. जोडी पाकळ्यांत. "उद्या संध्याकाळी गोधडी काढायची," ते म्हणाले. मी जन्मात पहिल्यांदा माशांसाठी देवाला हात जोडले.

भाऊबिजेच्या दुपारी, गोधडी काढल्यावर लागणारं डिस्टिल्ड पाणी आणायला आम्ही दोघं त्यांच्या स्कूटरवरून गेलो. सुट्टीमुळे बॅटरीवाल्याला घरून उठवावं लागलं. परत आलो तेव्हा दारात जीप उभी होती. मागच्या बाजूला चुन्याची पोती आणि निळसर डागांची एक गोणी. काकांनी कॅन खाली ठेवले, सदरा नीट केला, आणि मला म्हणाले, "समुद्रवाले, मी काही बोललो तर माझ्या पायावर पाय द्याजा." मी हो म्हणालो.

आत भाऊ खुर्चीत बसला होता. पांढरी टोपी, मोठी मिशी, दमदार माणूस. काकांनी वाकून नमस्कार केला. त्यानंही केला. काकूंनी पाट मांडला होता, रांगोळी काढली होती, ताटात निरांजन, सुपारी, अक्षता. त्यांचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता. काका पाण्याची चौकशी, पावसाची चौकशी करत राहिले, प्रत्येक शब्द चाचपून टाकत. भाऊ म्हणाला, यंदा झाडांवर रोग कमी हाय. मी पाय उचलला. काका म्हणाले, बरं झालं जी.

मग भाऊच म्हणाला, बहिणीनं सांगितलं की तुमच्या पेटीत शेवाळ आलं, चार दिवस धड जेवले नाही. काकूंनी मान खाली घातली. लाली म्हटलं असतं तर त्याला समजलं नसतं, म्हणून त्यांनी समजेल तो शब्द वापरला होता.

"काही चिंता करू नका," भाऊ म्हणाला. "झाडाच्या खोडाले लावाले मोरचूद नेऊन राह्यलो होतो. चिमूटभर टाकलं त्यात मघाशी. आमच्या बागेच्या टाक्यातलं शेवाळ एका दिवसात साफ होते."

मोरचूद म्हणजे तांब्याचं निळं मीठ. शेतात सगळे वापरतात, झाडाच्या खोडाला, टाक्यातल्या शेवाळाला. काकांनी मला किती तरी वेळा सांगितलं होतं की खाऱ्या पाण्यातल्या फुलाला, गोगलगायीला तांब्याचा कणसुद्धा विष. म्हणून त्या पेटीच्या आसपास तांब्याचा तांब्यासुद्धा ते येऊ देत नसत.

काकू निरांजनाची वात वर करत होत्या, त्यांचं बोट तिथेच थांबलं. त्यांना मोरचुदाचं माहीत नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा माहीत होता. भाऊ हसत बसला होता, बहिणीच्या नवऱ्यासाठी आपण होऊन काही केल्याच्या समाधानात. इतक्या वर्षांनी समेट करायला तो रिकाम्या हातानं आला नव्हता. आणि मला त्याचा असा राग आला होता की ते समाधान मी त्याच्या मिशीसकट ओढून काढलं असतं. मी तोंड उघडलं. काकांनी माझ्या मनगटाला धरलं. तो खारट, खरखरीत हात. इतका घट्ट की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

ते पेटीजवळ गेले. गोधडीचा कोपरा उचलला. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. काचेवरच्या गोगलगायी खाली पडल्या होत्या. फुलाचं तोंड आ वासून उघडं पडलं होतं, पाकळ्या लोंबत होत्या, आणि ती जोडी वरच्या कोपऱ्यात, पंपाच्या तोंडाशी, एकमेकांना चिकटून थरथरत होती.

काकांनी गोधडी खाली सोडली. काकूंकडे बघायची माझी हिंमत होईना. मग ते वळले.

"बरं केलं तुम्ही," ते म्हणाले. मग काकूंना म्हणाले, "ओवाळून घे. वात विझून राह्यली."

आम्ही दोघांनी त्या जोडीला जाळीनं बादलीत घेतलं आणि नुकत्याच आणलेल्या पाण्यात मीठ कालवून वर माझ्या खोलीत नेलं. भावाला सांगितलं की औषध नीट काम करावं म्हणून मासे बाहेर काढले. त्याला ते पटलं. खालून काकूंचा ओवाळतानाचा आवाज येत होता आणि काका माझ्या खाटेवर बसून बादलीत हवेची नळी धरून होते. त्यांचा उजवा हात पाण्यात होता. ती दोघं आधी कडेनं फिरली, मग हळूहळू त्यांच्या बोटांच्या मधे आली आणि तिथेच थांबली. काका रडत होते. लपवत नव्हते.

मी म्हणालो, निदान त्याला खरं तरी कळू द्या.

"शब्द मीच शिकवाले पाहिजे होता तिले," ते म्हणाले. "अन् आता शिकवून काय करू?"

सकाळी फूल मेलं होतं. काकूंना त्यांनी सांगितलं की अंधार सोसला नाही त्याला. काकूंनी मान हलवली, पुढे काही विचारलं नाही. लाली मात्र खरंच साफ झाली होती, पेटी काचेसारखी चकचकीत. पण तांबं वाळूत, दगडात, काचेच्या सांध्यांत मुरून बसतं. त्या पेटीत आता मासे जगतील, फूल कधीच जगणार नाही. मी म्हटलं, नवी पेटी करा, तुम्हाला काय अवघड आहे? ते म्हणाले, दादा विचारतील, चांगली पेटी काऊन मोडली? मग काय सांगू?

माझी बदली झाली. बऱ्याच वर्षांनी कामानिमित्त वर्ध्याला गेलो तेव्हा पिपरी मेघेला उतरलो. दिवाळीचे दिवस होते. घर तेच, पेटी तीच, जोडी तीच, आता चांगली जाडजूड झालेली. दारात जीप. भाऊ आता थकला होता, पण दर वर्षी येत होता, आणि काकू चंद्राला ओवाळायचं विसरून गेल्या होत्या. मला पाहताच तो पेटीकडे बोट करून म्हणाला, "तुम्ही होते ना त्या दिवशी? पाहा. एकदा चिमूटभर टाकलं, आजवर शेवाळ नाई आलं."

काका पेटीजवळ खुर्चीत बसले होते, उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात. मी त्यांच्याकडे पाहिलं. जन्मभर लोकांचे शब्द सुधारत आलेला हा माणूस आता काय म्हणतो, याची मी वाट पाहू लागलो. चहा घेऊन आलेल्या काकूही दारात थांबल्या.

"हो जी," काका म्हणाले. "शेवाळच होतं थे. तुमच्या औषधानंच गेलं."

काकूंनी चहा आधी त्यांच्यापुढे ठेवला, भावाच्याही आधी. त्यांनी डाव्या हातानं घेतला. उजवा पाण्यातच ठेवला होता, कारण त्यांच्या तळव्यात ती जोडी झोपायला आली होती आणि तिला दुसरी जागा नव्हती.